कंपायलरच्या रिलीझ नोट्स: सॅनिटायझरच्या नोंदी कुठल्या मथळ्याखाली?

वाघूर · सोमवार, रात्री १०:१२

राम राम मंडळी.

जळगावहून लिहितोय. दिवसा कूलरच्या घरघरीत डोकं चालत नाही, आता जरा वारं सुटलंय म्हणून गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसलो.

आमची कंपनी एक छोटी चिप बनवते आणि तिच्यासाठीचा कंपायलरही (लिहिलेला कोड यंत्राला कळेल असा करणारा प्रोग्रॅम) देते. कंपायलर एलएलव्हीएम या मुक्त कंपायलर-प्रकल्पावर बेतलेला, क्लँग हा त्याचा सी आणि सी++ वाचणारा भाग. एलएलव्हीएमची मोठी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते, तिच्या मागोमाग आमची. सोबत रिलीझ नोट्स, म्हणजे काय बदललं त्याची यादी. हे काम नेहमी टीममध्ये शेवटी आलेल्याच्या गळ्यात पडतं. यंदा आलेला मुलगा तीन महिन्यांत गेला, त्यामुळे गळा परत माझाच.

बाकीचं कुठे ना कुठे बसतं. अडतं ते सॅनिटायझरपाशी, म्हणजे प्रोग्रॅम चालताना त्यातल्या चुका पकडणाऱ्या सोयींपाशी. कमिटच्या (कोडमधल्या प्रत्येक नोंदवलेल्या बदलाच्या) लॉगमधून एकेचाळीस नोंदी काढल्यात आणि त्या कुठे टाकू ते सुचत नाहीये. अडचण अशी की सॅनिटायझरचं काम कोडमध्ये तीन ठिकाणी चालतं. फ्लॅग (कंपायलरला द्यायचा पर्याय) ओळखायचं काम क्लँगमध्ये. प्रोग्रॅममध्ये तपासण्या पेरायचं काम एलएलव्हीएमच्या पासमध्ये. प्रोग्रॅम चालू असताना चूक पकडून रिपोर्ट छापणारी रनटाइम लायब्ररी कंपायलर-आरटीमध्ये. एकच सुधारणा, तीन कमिट, तीन वेगवेगळी माणसं.

क्लँगच्या स्वतःच्या नोट्समध्ये सॅनिटायझर्स असा एक मथळा असतो. पण तिथेच नव्या फ्लॅगचा मथळा वेगळा, बदललेल्या फ्लॅगचा वेगळा, दुरुस्त्यांचा वेगळा. म्हणजे सॅनिटायझरचा नवा फ्लॅग कुठे जाणार, हे लिहिणाऱ्याच्या मनावर. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या पानावर आधी सावधगिरीच्या सूचना, मग सर्वसाधारण सुधारणा, मग भाषेनुसार, मग प्रोसेसरनुसार.

आम्ही एलएलव्हीएमच्या सतराव्या आवृत्तीवर गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो, म्हणजे मी इतका का कुरकुरतोय ते कळेल. क्लँग १७ मध्ये यूबीसॅन या सॅनिटायझरची फंक्शन-पॉइंटरची (फंक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलची) तपासणी सी भाषेसाठीही सुरू झाली. पॉइंटरचा टाइप एक आणि ज्या फंक्शनला बोलावलं त्याचा टाइप दुसरा असेल तर ती ओरडते. आधी ती सी++ पुरती होती. आमचं एक गिऱ्हाईक वर्षानुवर्षं सी कोड लिहितंय. त्यांनी कंपायलर बदलला, रात्रीची चाचणी लावली, सकाळी सगळं लालेलाल. तीन दिवस फोन: तुमचा कंपायलर बिघडलाय. चूक त्यांच्या कोडात होती, जुनी होती, ती आता दिसायला लागली इतकंच. साहेबांनी मला विचारलं, नोट्समध्ये नव्हतं का? होतं ना! 'कंपायलर-आरटी व इतर' या मथळ्याखाली, तिसऱ्या पानावर, एका ओळीत. का, तर लिहिणाऱ्याला तो कमिट कंपायलर-आरटीच्या फोल्डरमध्ये दिसला.

तर आता काय करू? साधनानुसार लावू, कोडच्या जागेनुसार लावू, की नवं-बदललेलं-दुरुस्त असं लावू?

(फ्लॅगची नावं देवनागरीत लिहितोय. मोबाइलवरून उत्तरं देताना कीबोर्ड बदलायचा कंटाळा. समजून घ्या.)


भुसावळ_आउटर · सोमवार, रात्री १०:४०

मी आत्ता खरोखरच भुसावळ आउटरला उभा आहे, पंचवीस मिनिटं झाली. वाचायला वेळ भरपूर आहे. पण भाऊ, सॅनिटायझर म्हटल्यावर आमच्या घरी अजून हाताला लावायची बाटलीच आठवतात. दोन ओळीत सांगा की.


पांझराकाठ · सोमवार, रात्री ११:०५

दोन ओळीत होणार नाही, पण प्रयत्न करतो. धुळ्याला इंजिनीअरिंगच्या मुलांना सी शिकवतो, त्यामुळे हे वर्षातून चारदा सांगावं लागतं.

दहा इंटिजरची जागा मागितली, म्हणजे चाळीस बाइट. लूप लिहिताना 'दहापेक्षा लहान'च्या जागी 'दहा किंवा लहान' लिहिलं. अकरावं घर तुमचं नाही, तरी वाचलं. साधा कंपायलर काही बोलत नाही, प्रोग्रॅम चालतोही, आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी बरोबर पडतो. हाच प्रोग्रॅम -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस लावून बांधला तर तो जागच्या जागी थांबतो आणि सांगतो: चार बाइट वाचले, चाळीस बाइटच्या जागेच्या लगेच पुढे, अमुक ओळीवर, आणि ती जागा मागितली होती तमुक ओळीवर. मुलांचे डोळे चमकतात ते त्या दुसऱ्या माहितीने.

आत काय चालतं? दर आठ बाइटमागे एक बाइट वेगळा राखून ठेवतात, ती सावली मेमरी. आठापैकी किती बाइट वापरायला मोकळे, ते त्यात लिहिलेलं. मेमरीला हात लावण्याआधी सावली बघायची, असा कोड कंपायलर पेरतो. वेग साधारण निम्मा होतो. जुन्या व्हॅलग्रिंडमध्ये प्रोग्रॅम १० ते ३० पट हळू चालायचा, त्यापुढे हे काहीच नाही.

हा झाला एसॅन, म्हणजे ॲड्रेस सॅनिटायझर. टीसॅन दोन थ्रेडांची एकाच जागेवरची झोंबाझोंबी पकडतो, ५ ते १५ पट हळू. एमसॅन न भरलेली जागा वापरली की पकडतो, सुमारे ३ पट. यूबीसॅन स्वस्त, पूर्णांक उतू गेला, चुकीचा शिफ्ट केला, असल्या गोष्टी बघतो. एसॅन, टीसॅन आणि एमसॅन एकाच बायनरीत एकत्र चालत नाहीत, एका वेळी एकच.

आता मूळ प्रश्न. माझं मत साधनानुसार. मुलं येतात ती "सर, टीसॅन काहीतरी म्हणतोय" असं म्हणत येतात. कंपायलर-आरटी हा शब्द त्यांनी ऐकलेलाच नसतो.


भुसावळ_आउटर · सोमवार, रात्री ११:०९

कळलं सर. गाडी हलली. घरी पोचलो की लिहितो, मला यावर एक रडगाणं गायचंय.


सातपुडा · मंगळवार, सकाळी ७:३०

साधनानुसार लावायला मला एकच अडचण दिसते, साधनं वाढतच चाललीत. एसॅन २०१२ मध्ये क्लँग ३.१ बरोबर आला. २०१३ ला जीसीसी ४.८ मध्ये एसॅन आणि टीसॅन, २०१४ ला ४.९ मध्ये यूबीसॅन. एमसॅन जीसीसीत आजही नाही. इथवर चार-पाच मथळ्यांत भागत होतं. पुढे एसॅनचाच हार्डवेअरच्या मदतीने चालणारा भाऊ एचडब्ल्यूएसॅन आला, मग एलएलव्हीएम १९ मध्ये दशांश आकडेमोडीची घसरण पकडणारा एनसॅन, २० मध्ये रिअलटाइम आणि टाइप असे आणखी दोन. दर आवृत्तीला नऊ-दहा मथळे आणि त्यातल्या सहांखाली 'बदल नाही'. लग्नपत्रिकेतल्या प्रेषकांच्या यादीसारखं दिसेल.

शिवाय सॅनिटायझर-कॉमन म्हणून जो सामायिक कोड आहे, त्यातला बदल कुठल्या साधनाचा? स्टॅक ट्रेस नीट छापला जाऊ लागला तर तो एसॅनचाही, टीसॅनचाही, सगळ्यांचाच.

वाघूरभाऊंच्या गिऱ्हाइकाची चूक नेमकी काय होती? मला शंका आहे की क्यूसॉर्टला (यादी क्रमाने लावणाऱ्या तयार फंक्शनला) दिलेलं फंक्शन असणार.


वाघूर · मंगळवार, सकाळी ८:१५

नाही, क्यूसॉर्ट नव्हतं. तुम्हाला वाटलं तसंच मलाही आधी वाटलं होतं, पण ती तपासणी बोलावणाऱ्याच्या जागी पेरलेली असते. क्यूसॉर्ट सी लायब्ररीच्या पोटात, ती लायब्ररी काही आपण यूबीसॅन लावून बांधत नाही. त्यामुळे तिथून चुकीच्या टाइपचं फंक्शन बोलावलं तरी कोणी ओरडत नाही.

त्यांची स्वतःची लिंक्ड लिस्ट होती. प्रत्येक घटक मोकळा करायला एक फंक्शन-पॉइंटर घेते, त्याचा टाइप व्हॉइड-पॉइंटर घेणारा. देताना मात्र फंक्शन दिलं स्ट्रक्ट-पॉइंटर घेणारं, वर कास्ट मारून गप्प केलेलं. बहुतेक मशीनवर हे चालतं, म्हणून वीस वर्षं चाललं. कंपायलर आता प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी त्याच्या टाइपची खूण लिहून ठेवतो, बोलावताना ती पडताळतो. एकच लिस्ट, पण सगळ्या प्रोजेक्टभर वापरलेली, त्यामुळे हजार ठिकाणी बोंब.


एक_नंदुरबारकर · मंगळवार, दुपारी १:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. सगळ्यांशी थोडा वाद घालतो.

मी लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करतो. कर्नलमध्ये एसॅनचा भाऊ केएसॅन २०१५ पासून, लिनक्स ४.० पासून आहे. एमसॅनचा भाऊ केएमसॅन ६.१ मध्ये, २०२२ ला आला आणि त्याला क्लँग १४.०.६ किंवा त्यापुढचा लागतो. आता गंमत बघा. कर्नल तुमची कंपायलर-आरटी वापरतच नाही. रिपोर्ट छापणारं, सावली सांभाळणारं सगळं आमचं स्वतःचं. आम्हाला तुमच्याकडून हव्यात फक्त पेरलेल्या तपासण्या. म्हणजे 'एसॅन' या मथळ्याखाली तुम्ही वीस नोंदी लिहिल्या तर त्यातल्या पंधरा माझ्या काहीच कामाच्या नाहीत, आणि कुठल्या पाच कामाच्या, ते ओळखायला मला पुन्हा कमिट उघडावा लागतो.

जीसीसीवाल्यांचं उलट. त्यांची लिबसॅनिटायझर एलएलव्हीएमकडूनच येते, अधूनमधून आयात करतात आणि कुठल्या कमिटपर्यंतचं आणलं ते एका फाइलीत लिहून ठेवतात. त्यांना रनटाइमच्या नोंदी हव्यात, पेरणी त्यांची स्वतःची.

तेव्हा ज्या कोडच्या जागेला तुम्ही सगळे नावं ठेवताय, ती काही लोकांना लागते. माले बी आधी साधनानुसारच बरं वाटे, पन दोनदा फसलो.


गच्चीवरचा · मंगळवार, दुपारी २:२०

रिलीझ नोट्स कोण वाचतं हो? गिट लॉगची लिंक द्या आणि मोकळे व्हा.


पांझराकाठ · मंगळवार, दुपारी ३:०५

@गच्चीवरचा, एलएलव्हीएमच्या दोन आवृत्त्यांमधला लॉग एकदा उघडून बघा. मग बोलू.

@एक_नंदुरबारकर, पटलं. हा वाचक माझ्या डोळ्यांपुढे नव्हताच.


चोपडी_खतावणी · मंगळवार, रात्री ९:१८

मी संगणकातला माणूस नाही. मुलगी पुण्याला या क्षेत्रात आहे, तिने हा धागा पाठवला, "बाबा, तुमचा विषय निघालाय" म्हणून. वडील चोपड्याला आडत दुकानात मुनीम होते, मीही हिशेबातच आयुष्य काढलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही ज्याला कमिटचा लॉग म्हणता ती आमची कीर्द. सकाळपासून जे जे घडलं ते त्या क्रमाने लिहायचं. अमुक शेतकऱ्याची ज्वारी आली, हमाली दिली, तमुक व्यापाऱ्याने उचल केली. कीर्द खरी असते, पूर्ण असते आणि शेतकरी हिशेब मागायला आला तर तिचा काडीचा उपयोग नसतो. त्याच्यासमोर कीर्द ठेवली तर तो म्हणेल, माझं काय ते सांगा.

म्हणून खतावणी. कीर्दीतली प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायची. आणि खातं कोणाच्या नावाने असतं? ज्याने येऊन विचारायचंय त्याच्या. हमालाने पोतं कुठल्या दाराने आणलं, त्या दाराच्या नावाचं खातं कोणी काढत नाही. तुमची ती 'कंपायलर-आरटी' मला दारासारखी वाटली.

दुसरं असं की एक नोंद दोन खात्यांत जातेच. एकाकडे जमा, दुसऱ्याकडे नावे. तुम्ही सगळे भांडताय की नोंद या मथळ्याखाली की त्या. दोन्हीकडे का नाही? वडील एका खात्यात तपशील लिहीत आणि दुसऱ्यात रक्कम लिहून पुढे पान क्रमांक टाकत.


वाघूर · मंगळवार, रात्री ९:४५

काका, दाराच्या नावाचं खातं! अगदी हेच केलंय आम्ही चार वर्षं.

दोन्हीकडे लिहायला मी घाबरतो ते वेगळ्या कारणाने. शेवटच्या आठवड्यात एखादा बदल मागे घेतला जातो. एका जागची नोंद काढतो, दुसरीकडची राहून जाते आणि मग नोट्स खोटं बोलतात. असं झालंय.


चोपडी_खतावणी · मंगळवार, रात्री १०:०२

म्हणून तर तपशील एकाच जागी. दुसरीकडे फक्त पान क्रमांक. नोंद फिरवली तर पान क्रमांकावर गेलेल्याला तिथे काट मारलेली दिसते. खोटं लिहिलेलं राहत नाही. खाडाखोड दिसली तरी चालते हो, हिशेबात खाडाखोड लपवणं वाईट.


भुसावळ_आउटर · मंगळवार, रात्री ११:३०

आता माझं रडगाणं. सांगण्याचा मुद्दा असा की रिपोर्टचे शब्द बदलले तरी नोट्समध्ये ते वेगळं आणि ठळक यायला हवं.

मी पुण्यात एका कंपनीत आहे, नाव जाऊ द्या. आमच्याकडे रात्रीच्या चाचणीचे एसॅन रिपोर्ट वाचून मोजणारी एक स्क्रिप्ट होती, माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली. एसॅन पूर्वी लिहायचा की हा पत्ता अमुक जागेच्या 'टू द राइट ऑफ' आहे, शून्य बाइट. स्क्रिप्ट हेच शब्द शोधायची: राइट म्हणजे पुढे सांडलं, लेफ्ट म्हणजे मागे. पुढे एलएलव्हीएमवाल्यांनी शब्द बदलले, आता 'आफ्टर' आणि 'बिफोर' असं येतं. वाचायला सोपं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. उजवीकडे म्हणजे नेमकं कुठे, हे मलाही कधी कळलं नव्हतं.

पण कंपायलर बदलल्यावर आमच्या बोर्डावर मेमरीच्या चुका शून्य! सगळा आलेख जमिनीला टेकला. टीमने आनंदाने शेवभाजीची पार्टी केली, इतकी तिखट की मॅनेजरला दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यावी लागली. सुमारे दीड महिन्याने कोणीतरी लॉग डोळ्यांनी उघडून बघितला. चुका होत्या तशाच होत्या.

स्क्रिप्ट चुकीची होती हे मान्य. माणसासाठी छापलेल्या वाक्यावर यंत्र बसवू नये. पण बसवतात. त्यामुळे ज्याला तुम्ही 'संदेश सुधारला' म्हणून शेवटी टाकाल, तो कोणासाठी तरी पहिल्या पानावरचा बदल असतो.


सातपुडा · बुधवार, सकाळी ७:१०

शेवभाजीवरून आठवलं, यंदा भरिताला वांगी कधी मिळणार? अजून सहा महिने. असो.

भुसावळ_आउटर यांचा मुद्दा मोठा आहे. सॅनिटायझर आणि कंपायलरचा बाकीचा भाग यात हाच फरक पडतो. ऑप्टिमायझर सुधारला तर प्रोग्रॅम तोच, जरा वेगाने. सॅनिटायझर सुधारला तर काल हिरवी असलेली चाचणी आज लाल, किंवा काल लाल असलेली आज हिरवी. आणि दोन्हीही चांगल्या कारणाने किंवा वाईट कारणाने होऊ शकतात. वाचणाऱ्याला पहिल्यांदा हेच विचारायचं असतं: माझ्याकडे आज जो नवा रिपोर्ट दिसतोय तो माझ्या चुकीमुळे की तुमच्या बदलामुळे?

जीसीसी ७ मध्ये असंच झालं होतं. ब्लॉक संपल्यावर आतल्या व्हेरिएबलला पॉइंटरने हात लावला तर पकडायची सोय आली आणि एसॅन लावला की ती आपोआप चालू. क्लँग १६ मध्ये एमसॅनचं तसंच: न भरलेलं व्हेरिएबल फंक्शनला दिलं किंवा परत केलं की जास्त कडकपणे ओरडायला लागला, तेही आपोआप. दोन्ही ठिकाणी फ्लॅग नवा म्हणून लिहा, नाहीतर बदललेला म्हणून लिहा. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने एकच: न मागता नवे रिपोर्ट येणार.

तेव्हा मी माझं मत फिरवतो. वरचे मथळे असे करा: काय नव्याने ओरडेल, काय आता गप्प होईल, आणि छापलेला मजकूर कुठे बदलला. साधनाचं नाव ओळीच्या सुरुवातीला.


एक_नंदुरबारकर · बुधवार, सकाळी ९:००

खरं शे भो. आणि त्या नावापुढेच पेरणी की रनटाइम एवढा एक शब्द टाकला की माझं भागलं. वेगळा मथळा नको.


पांझराकाठ · बुधवार, सकाळी ११:४०

चौथा मथळा लागेल. ऐका.

मागच्या सत्रात लॅबमधल्या काही मशीनवर उबंटू नवं टाकलं. कंपायलर जुनाच ठेवला. टीसॅनचा प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताक्षणी मरायला लागला, संदेश 'अनएक्सपेक्टेड मेमरी मॅपिंग'. कधी चालायचा, कधी नाही. पोरांनी ठरवलं की मशीन झपाटलंय. एकाने खरंच लिंबू-मिरची आणून मॉनिटरला बांधली, मीही दोन दिवस राहू दिली.

कारण असं: प्रोग्रॅम मेमरीत कुठे बसवायचा ते कर्नल दरवेळी चिठ्ठी टाकून ठरवतो, हल्लेखोराला पत्ता कळू नये म्हणून. किती बिटांची चिठ्ठी, ते व्हीएम.एममॅप_आरएनडी_बिट्स या सेटिंगमध्ये. ते पूर्वी २८ होतं, नव्या कर्नलमध्ये ३२ आलं. आणि टीसॅनची सावली ठरलेल्या पत्त्यांवर बसलेली. चिठ्ठी लांब उडाली की प्रोग्रॅम नेमका सावलीच्या जागेत जाऊन बसतो. म्हणून कधी चालतं, कधी नाही. आकडा परत २८ केला, काम झालं. एलएलव्हीएमच्या नव्या आवृत्त्यांत टीसॅन हे ओळखतो आणि ती चिठ्ठी बंद करून स्वतःला पुन्हा सुरू करतो.

आता ही नोंद कुठे जाईल? नवा रिपोर्ट नाही, गप्प होणं नाही. कंपायलरमध्ये बिघाडही नाही. 'चालवायला काय लागतं' असा मथळा हवा: कर्नल, सेटिंग, सिम्बॉलायझर (पत्त्यावरून ओळ क्रमांक शोधणारा प्रोग्रॅम) पाथमध्ये आहे की नाही. तो नसेल तर ओळ क्रमांकांऐवजी नुसते पत्ते छापले जातात आणि मुलं म्हणतात सर, आकडे आलेत. एमसॅनला सगळ्या लायब्ररी, सी++ चीसुद्धा, एमसॅन लावूनच बांधाव्या लागतात, हेही त्यातच. नाहीतर खोटे रिपोर्ट.


गच्चीवरचा · बुधवार, दुपारी १२:१५

बघितला लॉग. शब्द मागे घेतो.


वाघूर · बुधवार, रात्री ११:०५

आज दिवसभर बसून एकेचाळीस नोंदी नव्याने लावल्या. मथळे चारच: 'नव्याने दिसतील असे रिपोर्ट', 'आता दिसणार नाहीत असे रिपोर्ट', 'रिपोर्टचा मजकूर', 'चालवायला काय लागतं'. नव्या साधनांना शेवटी एक छोटी जागा. आश्चर्य म्हणजे पहिल्या मथळ्याखाली फक्त सात नोंदी आल्या. गेली चार वर्षं त्या सात ओळींसाठी गिऱ्हाईक तीन पानं चाळत होतं, किंवा चाळत नव्हतं.

नऊ नोंदी सरळ फेकल्या. त्या आमच्या आतल्या साफसफाईच्या होत्या, बाहेरच्या कोणाला त्यांनी काही होत नाही. कमिट करणाऱ्यांपैकी एक जण नाराज झालाय, त्याचं नाव नोट्समध्ये दिसणार नाही म्हणून.

एक नोंद आधी कशी होती आणि आता कशी आहे ते दाखवतो, जुन्या सतराच्या नोट्समधली. सराव म्हणून तीच परत लिहिली.

आधी: "कंपायलर-आरटी: यूबीसॅन फंक्शन तपासणीचा विस्तार, सी समाविष्ट."

आता: "यूबीसॅन, पेरणी व रनटाइम. सी कोड -एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड लावून बांधत असाल तर नवे रिपोर्ट दिसू शकतात. पॉइंटरच्या टाइपशी न जुळणारं फंक्शन त्या पॉइंटरमधून बोलावलं की रिपोर्ट येतो, मग मध्ये कास्ट असला तरी. उदाहरणार्थ, व्हॉइड-पॉइंटर घेणारं फंक्शन अपेक्षित असताना स्ट्रक्ट-पॉइंटर घेणारं देणं. दुरुस्ती: फंक्शनला व्हॉइड-पॉइंटरच घेऊ द्या, आत कास्ट करा. तूर्त थांबवायचं असेल तर -एफनो-सॅनिटाइझ=फंक्शन."

फोन घेऊन जे तीन दिवस बोललो ते एवढंच होतं.


चोपडी_खतावणी · गुरुवार, सकाळी ६:५०

छान उतरलंय. मला त्यातलं अर्धंच कळतं, पण 'तूर्त थांबवायचं असेल तर' हे वाचून बरं वाटलं. उधारीवाल्यालाही मुदत द्यावी लागते.

एक विचारू का? यूबीसॅनची नोंद पहिल्या खात्यात लिहिली. पण यूबीसॅन वापरणारा माणूस 'यूबीसॅन' शोधत आला तर त्याचा पान क्रमांक कुठे आहे? सरांची मुलं साधनाचं नाव घेऊन येतात म्हणाले ना.


वाघूर · गुरुवार, सकाळी ७:२५

राहिलंच काका. शेवटी साधनांची एक सूची जोडतो, प्रत्येकापुढे नुसते नोंद क्रमांक. तपशील नाही.


भुसावळ_आउटर · गुरुवार, सकाळी ८:४०

आणि 'रिपोर्टचा मजकूर'खाली जुनं वाक्य आणि नवं वाक्य दोन्ही जसंच्या तसं छापा. भाषांतर करू नका, सारांश करू नका. माझ्यासारखा एखादा जुनं वाक्य चिकटवून शोधतो, ते सापडलं पाहिजे.


वाघूर · गुरुवार, सकाळी ९:१०

दोन्ही टाकतो. या आवृत्तीची शाखा उद्या संध्याकाळी बंद होतेय. एक नोंद अजून लटकलीये: टीसॅनची एक दुरुस्ती, जिच्यामुळे काही खोटे रिपोर्ट जातील पण काही खरे नव्याने दिसतील. दोन्ही खात्यांत जाते. तपशील कुठे लिहू?


एक_नंदुरबारकर · गुरुवार, सकाळी ९:१४

नव्याने दिसतील तिथे. गप्प झाल्याबद्दल कोणी फोन करत नाही.


भुसावळ_आउटर · गुरुवार, सकाळी ९:२०

दीड महिना तरी करत नाही.